नवरंगाचा पाहुणचार

"आधी अंधार करा, मंग सांगा."

काका दारातून आत पाऊल टाकायचे ते हे म्हणतच. समोर कोण उभं आहे, हातात काय आणलंय, हे सगळं नंतर. आधी ट्यूबलाइट बंद, पंखा बंद, खिडकीचा पडदा ओढायचा आणि खोलीत जमलेल्या चार-सहा जणांना कोंबड्या हाकलाव्यात तसं हातानेच बाहेर घालवायचं. त्या चार-सहा जणांत बहुतेक वेळा मीही असायची. दवाखाना माझा, बाहेरच्या पाटीवर नाव माझं, नावापुढच्या पदव्या माझ्या, आणि व्हरांड्यात उभी मी.

लिहायला बसताना ठरवलं होतं की काकांबद्दल चांगलंच लिहायचं. पण खरं सांगितल्याशिवाय ते जमायचं नाही. मी त्यांच्यावर जळायची. थोडीथोडकी नाही, अकरा वर्षं, रविवार सोडून रोज, सकाळी नऊ ते बारा. दुसऱ्या कुणाच्या हाताला असं यश येताना तुम्हीही कधी पाहिलं असेल. तेव्हा तुमच्या पोटात दुखलं नसेल, तर तुम्ही माझ्यापेक्षा बरी माणसं आहात.

नागपुरात सक्करदऱ्याला आमचं घर वर आणि माझा जनावरांचा दवाखाना खाली. जनावरांचा म्हणजे मुख्यतः कुत्र्यांचा. काका पारशिवनी तालुक्यातल्या गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते, म्हणजे मलमपट्टी करणारे. निवृत्त झाले आणि नंदनवनात मुलाकडे राहायला आले. एक दिवस माझ्या दारात सायकल लावून म्हणाले, "घरी बसून कटाळा येऊन राहिला जी. कुत्रे धरून देत जाईन." मला तेव्हा कुत्री धरणारं माणूस हवंच होतं. दोन महिन्यांत असं झालं की लोक आत येऊन माझ्याकडे पाहून विचारायचे, "काका नाहीत का?" आणि नाहीत म्हटलं की, "मग उद्या येतो."

एक अल्सेशियन मला तीन वर्षं ओळखत होता. दर वेळी माझ्यावर गुरगुरायचा. काकांनी पहिल्या दिवशी त्याच्या कानामागे बोट फिरवलं आणि तो टेबलावर आपणहून आडवा झाला. मालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "हाताचा गुण असतो बाई एकेकाच्या." मी इंजेक्शन भरत होते. जरा जास्तच जोरात टोचलं असणार, कारण कुत्र्याने पुन्हा माझ्याकडेच पाहून दात दाखवले.

पण कुत्र्यांचं सोडा. काकांचं नाव झालं ते नवरंगामुळे.

नवरंग म्हणजे मैनेएवढा पक्षी, शेपूट नावालाच. पाठ हिरवी, खांद्यावर चकचकीत निळा डाग, पोट पिवळसर, शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखं लाल, डोळ्यावरून काळी पट्टी आणि गळा पांढरा. हिवाळा तो दक्षिणेच्या दाट, ओलसर रानांत काढतो. मे संपता संपता आमच्याकडच्या जंगलांत येतो, पेंचच्या बाजूला घरटं करतो, पिलं वाढवतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परत निघतो. लांबचा प्रवास. त्यात दमलेला, शहराच्या दिव्यांनी भांबावलेला एखादा मग नागपुरात कुठेही उतरतो. न्हाणीघरात, स्कूटरखाली, शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्यांवर. ज्याच्या घरी उतरतो त्याला वाटतं, कुणाचा तरी फॉरेनचा पोपट पिंजऱ्यातून पळाला. मग ती मंडळी त्याला प्रेमाने मिरची देतात, ज्वारी देतात, दूधभात देतात, आणि चोच उघडून पाणी ओततात. पाणी श्वासनळीत जातं.

"घरी पाव्हणा आला त त्याचं तोंड उघडून पानी ओतता का गा तुमी?" काका विचारायचे. माणूस ओशाळून मान हलवायचा. "मंग? हा बी पाव्हणाच आहे."

वन खात्याला कळवायचा नियम आहे, मी कळवायची. पण त्यांची गाडी येईपर्यंत पक्षी माझ्याच टेबलावर. काका येण्याआधी असे दोन नवरंग माझ्या हातात गेले होते. मी काही कमी केलं नव्हतं. ग्लुकोजचे थेंब, उकडलेल्या अंड्याचा बलक, चिमट्यात धरलेले किडे, पुस्तकात होतं ते सगळं. दोघांनीही माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न खाता मान टाकली.

तिसरा आला तेव्हा काका होते. मी नेहमीप्रमाणे वाटीत किडे काढायला लागले. काकांनी जिन्यावरून माझ्या सासूबाईंना हाक मारून साडीचा रिकामा खोका मागवला. झाकणाला सुईने भोकं पाडली. मागच्या अंगणातल्या पेरूखालची वाळलेली पानं आणली, कुंडीखालची ओली माती आणली. मातीवर गांडुळं आणि वाळवी पसरली, वरून पानं अंथरली, त्यावर पक्षी अलगद ठेवला आणि झाकण लावलं.

"काका, वाटीत ठेवलेत ना मी किडे," मी म्हणाले.

"वाटीतलं त्याले समजत नाही बाई. पान उलटवल्याबिगर त्याले भूकच लागत नाही."

हे मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं. मग ते खोक्यापाशी उकिडवे बसले आणि झाकणाला कान लावला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. डोळे मिटलेले. बाहेर व्हरांड्यात माझ्या पायाला मुंग्या आल्या. शेवटी दार किलकिलं करून ते कुजबुजले, "जेवून राहिला पाव्हणा. पानं वाजून राहिले."

"मी बघू?"

"नाही जी. जेवत्या माणसाच्या ताटात पाहू नाही."

संध्याकाळी झाडीत नेऊन त्यांनी झाकण काढलं. हिरवी-निळी एक रेघ उठली आणि पानांत मिसळून गेली. काका रिकाम्या खोक्याकडे बघत म्हणाले, "पाहा बाई, पुरं ताट साफ केलं." मी खोक्यात वाकून पाहिलं. सगळी पानं उलटी पडली होती. मला आनंद झाला का? झाला. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, मनात आलं की हे मला का नाही सुचलं.

त्यानंतर दर वर्षी दोन-चार नवरंग यायचे आणि काका त्यांना वाटेला लावून द्यायचे. त्यांच्या हातून एकही गेला नाही असं मी म्हणणार नाही, मांजराने धरलेले गेले. पण जो नुसता दमलेला असायचा तो वाचायचा. एका वर्षी वर्तमानपत्रात फोटो आला. मथळ्यात 'पक्ष्यांचे डॉक्टर', फोटोत काका, आणि फोटोच्या कडेला माझा एक कान आणि स्टेथोस्कोपची अर्धी नळी. लोकांनी ते कात्रण आणून आणून दिलं. एक मी भिंतीवर चिकटवलं, चिकटवायलाच हवं होतं. पुढच्या आठवड्यात औषध कंपनीचं कॅलेंडर आलं, ते टांगायला मला नेमकी तीच जागा सापडली.

काकांना त्या फोटोचं कौतुक नव्हतं. "फोटोले उजेड लागते. म्हून मी नाही म्हणत होतो," एवढंच बोलले.

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे ते श्रेय घ्यायचेच नाहीत. कुणी हात जोडले की माझ्याकडे बोट दाखवायचे. "मी कायचा? डॉक्टर बाईनं वाचवला. मी त निरा पानं गोळा केले." लोक माझ्याकडे बघून हसायचे, आणि त्या हसण्यात स्पष्ट दिसायचं की काका किती मोठ्या मनाचे आहेत. त्यांनी थोडी फुशारकी मारली असती तर मला किती बरं वाटलं असतं! एखादा दोष सापडावा म्हणून मी टपून असायची. चहा बशीत ओतून प्यायचे, हा एकच सापडला. तर सासूबाई म्हणाल्या, "माहा बाप बी असाच पेत होता," आणि दुसऱ्या दिवसापासून काकांसाठी मोठी बशी खाली यायला लागली.

सासूबाईंचं हे वेगळंच प्रकरण होतं. सून डॉक्टर आहे हे त्या सगळ्या गल्लीला सांगायच्या, पण घरातली मांजर शिंकली तरी, "काकाले दाखव वं." मी दोन पायऱ्या खाली बसलेली असायची.

"आई, मी डॉक्टर आहे."

"हाव, माहीत आहे मले. तू गोळी देजो. पण आधी काकाले पाहू दे."

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्याकडे येते.

दसऱ्याच्या आसपास दोन-तीन दिवस काका यायचे नाहीत. दीक्षाभूमीवर गावोगावहून माणसं यायची, त्यांना पाणी द्यायच्या कामावर ते असायचे. त्यांच्या वडिलांनी तिथेच छप्पन साली दीक्षा घेतली होती, तेव्हापासून घरातलं कुणीतरी त्या दिवशी पाण्यापाशी उभं असतंच, असं ते सांगायचे. दहाव्या वर्षी नेमका त्याच दिवसांत सकाळी नंदनवनातल्या एक बाई भाजीच्या टोपलीत ओढणीखाली झाकून नवरंग घेऊन आल्या. काकांच्याच गल्लीतल्या होत्या.

"काका नाही ना घरी," त्या म्हणाल्या. "त्यायले फोन लावता का?"

मी फोन हातात घेतला. काकांचा नंबर सगळ्यात वरच होता. मनात म्हटलं, बिचारे उन्हात उभे असतील, कशाला त्रास द्यायचा. हे मी मनात म्हटलं हे खरं, पण ते खोटं होतं हेही मला त्याच क्षणी माहीत होतं. मला तो पक्षी माझा हवा होता. एकदा, फक्त एकदा, काकांशिवाय.

"मीच पाहते," मी म्हणाले.

जिन्यावरून सासूबाईंनी विचारलं, "काय आणलं वं तिनं?"

"मांजराचं पिल्लू," मी सांगितलं.

सगळं त्यांच्यासारखं केलं. अंधार केला, खोका घेतला, माती, गांडुळं. पेरूची पानं आदल्या दिवशीच झाडून टाकली होती, म्हणून फाटकापाशी पडलेली बदामाची उचलली. पक्षी ठणठणीत होता, नुसता थकलेला. झाकण लावून मी उकिडवी बसले, कान लावला. आत काहीतरी हललं. की माझाच श्वास होता? मला कळेना. काका या कानाने काय ऐकतात ते मला कळेचना. म्हणून मी झाकण जरा वर केलं. तो एका कोपऱ्यात ताठ उभा होता. लावलं. पाच मिनिटांनी पुन्हा केलं. मग वाटलं, खाताना सापडला तर मोबाइलवर घ्यावं. काकांनी आयुष्यात कुणाला दाखवलं नाही ते मी सगळ्यांना दाखवीन. आधी सासूबाईंना. अंधारात दिसेना म्हणून मोबाइलचा दिवा लावला. असं किती वेळा केलं ते तेव्हा मोजलं नाही. दहा तरी असेल.

दुपारी चारला झाकण उघडलं तेव्हा तो पानांवर कुशीवर पडला होता. एकही पान उलटलेलं नव्हतं. मोबाइलमध्ये सात व्हिडिओ होते आणि सातहीमध्ये तो दिव्याकडे बघत उभा होता. ते मी पुसून टाकले. पेरूखाली छोटा खड्डा केला. संध्याकाळी त्या बाईंचा फोन आला तेव्हा सांगितलं, "सोडला. मस्त उडाला."

ही बातमी नंदनवनात काकांच्या गल्लीत माझ्याआधी पोचली. तिसऱ्या दिवशी काका सायकलवरून उतरले तेच हसत. हातात पेढ्यांचा पुडा. इतके खूश मी त्यांना त्यांच्या स्वतःच्या पक्ष्यांनंतरही कधी पाहिलं नव्हतं.

"झालं ना बाई! मी म्हणतच होतो, तुमाले जमते म्हून. मी बी नाही न कोनी बी नाही. एकट्यानं!"

मी पेढा खाल्ला.

मग ते हात धुवायला मागच्या अंगणात गेले. नळ पेरूच्या झाडाशेजारीच. पाण्याचा आवाज थांबला तरी ते परत येईनात, तेव्हा मी दारात जाऊन पाहिलं. खोका नळापाशी मी ठेवला होता तिथेच होता, बदामाची पानं जशीच्या तशी. काका खोक्याकडे बघत होते, मग पेरूखालच्या नव्या मातीकडे. मला पाहून त्यांनी टॉवेलने एकेक बोट पुसलं.

"पानं मोठे घेतले बाई तुमी," ते म्हणाले. "बदामाचं पान त्याले उलटत नाही."

आणि आत जाऊन एका पॉमेरेनियनच्या पायाची पट्टी सोडायला लागले. बस, एवढंच. गल्लीत कुणाला सांगितलं नाही, सासूबाईंना नाही. मला एक कारण देऊन टाकलं, तेही असं की डॉक्टरलासुद्धा शोभावं. त्या दिवशी मी त्यांच्यावर जळले तेवढी आधी कधीच जळले नसेन.

पुढच्या जूनमध्ये शिंप्याच्या दुकानातून एक नवरंग आला. चार माणसं सोबत. काकांनी त्यांना बाहेर काढलं, मला मात्र आत राहा म्हणाले. ऑक्टोबरानंतर ते मला आत राहू द्यायला लागले होते. पेरूची पानं, माती, सगळं जागच्या जागी. कान लावून बसले. बराच वेळ बसले. मग दार उघडून बाहेरच्यांना म्हणाले, "हा नाही वाचत जी. थंडा पडला. कायीच वाजत नाही."

मी चार हातांच्या अंतरावर उभी होते आणि मला खोक्यातली पानं स्वच्छ ऐकू येत होती. खर्र, खर्र, थांबून पुन्हा खर्र. अगदी भरपेट जेवण चाललं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गेले काही महिने ते "काय म्हनलं?" असं फार वेळा विचारत होते. आणि लक्षात येताच मला काय वाटलं तेही सांगते. आनंद वाटला. काकांच्या कानाचं दुःख नंतर वाटलं. ही गोष्ट मी हळूच, दार लोटून, त्यांना एकट्याला सांगू शकत होते. पण दारात चार माणसं होती, जिन्यावर सासूबाई होत्या, आणि मी मोठ्याने म्हणाले, "काका, तो खातोय. पानं वाजताहेत. तुम्हालाच ऐकू येत नाहीये."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा झाकणाला कान लावला, दुसरा कान लावून पाहिला. मग उठले.

"हाव?" म्हणाले. "मंग आजपासून तुमीच आयका."

संध्याकाळी तो नवरंग झाडीत मी सोडला. काका सायकल धरून दूर उभे होते. आठवडाभराने म्हणाले, "बहिणीकडं जातो बाई, गावाले. इथं आता काय काम आहे?" मी थांबा म्हटलं, पण अशा आवाजात म्हटलं की ऐकू आलं नाही तर बरं. ते गेले. सासूबाई जिन्यावरून म्हणाल्या, "झालं वं तुह्या मनासारखं?" आणि चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

झालं होतं खरंच. त्यानंतरच्या मोसमात तीन पक्षी आले आणि तिन्ही वाचले. मी झाकण उघडलं नाही, कान लावला. आता लोक फोनवर विचारतात, "नवरंगवाल्या बाई का?" सासूबाईसुद्धा परवा शेजारणीला म्हणाल्या, "माह्या सुनेच्या हाताले गुण आहे." हे ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. ऐकलं, आणि खाली येऊन कुत्र्याचं नख कापलं. सकाळी नऊ वाजता फाटकापाशी सायकल वाजायची वेळ झाली की माझी मान आपोआप तिकडे वळते. ज्याच्यापेक्षा वरचढ ठरायचं तो माणूसच नाही, तर वरचढ होऊन करायचं काय, असं काहीतरी वाटत राहतं.

काका गेल्या थंडीत वारले. त्याआधी जुलैमध्ये मी त्यांना एकदाच भेटू शकले.

पारशिवनीच्या पुढे बहिणीचं गाव. घरामागे नाला, नाल्याकाठी बांबू आणि मोहाची झाडं. काका अंगणात बाजेवर बसले होते. मला पाहून एवढ्या मोठ्याने "या जी बाई!" म्हणाले की गोठ्यातली बकरी उठून उभी राहिली. बहिणीने चहा आणून दिला, काकांचा बशीसकट. ती आत गेली. मी वाटेत गाडीत सगळं ठरवून आले होते, नीट शब्द जुळवले होते.

"काका, मला एक सांगायचंय."

"जोरानं बोला बाई. तुमीच त सांगतलं ना, मले आयकू येत नाही म्हून," आणि हसले.

जुळवलेले शब्द ओरडून सांगता येत नाहीत. मी ओरडले, "त्या ऑक्टोबरात मी झाकण उघडलं होतं! दहा वेळा!"

शेजारच्या अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होती, ती हात वर तसेच ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"मले वाटलंच," काका म्हणाले.

"मग पानं मोठी होती असं का म्हणालात?"

"मोठेच होते," ते म्हणाले. चहा फुंकला. "पारशिवनीले होतो तवा माह्या हातानं पयले चार गेले बाई. मले बी पाहाचं होतं ना, कसा खाते त. सारखं झाकण उघडाचो. मले मालूम आहे ते."

"आणि शिंप्याच्या लोकांसमोर मी तसं बोलले..."

"ते बरं केलं तुमी. नाही त जित्या पाव्हण्याले मी मेला म्हून पुरून आलो असतो."

दीड-दोन वर्षं मी ज्या ओझ्याखाली वाकले होते ते त्यांनी बशीतला चहा संपायच्या आत उतरवून टाकलं. मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. माफ करण्यातही हा माणूस माझ्या पुढेच.

तेवढ्यात नाल्याकडून नवरंग बोलला. दोन सुरांची शीळ, एक वर जाणारा, एक खाली येणारा. माझी मान वळली.

काकांनी ते पाहिलं. "बोलला का?"

मी मान हलवली.

"कोन्या बाजूनं?"

मी बांबूकडे बोट दाखवलं. ते तिकडे बघत राहिले. शीळ पुन्हा आली, पुन्हा आली. दिवस मावळायला आला की तो असा बोलतच राहतो. काका डोळे बारीक करून बघत होते, जणू बघून ऐकू येईल.

"मी रोज ह्या टाइमले इथंच बसतो," ते म्हणाले. "मालूम राहते, आता बोलून राहिला असन." मग माझ्याकडे वळले. एरवी इतक्या मोठ्याने बोलणारा माणूस, पण हे हळू बोलले. "खरं सांगू बाई? लय जळतो मी तुमच्यावर आता."

अकरा वर्षं हे एक वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी काहीही दिलं असतं. मी कप खाली ठेवला. मला शीळ घालता येत नाही, आणि घातली असती तरी त्यांना कुठे ऐकू येणार होती. मी त्यांचा हात ओढून माझ्या मांडीवर घेतला, तळवा वर केला, आणि नवरंग बोलला की त्यावर दोन बोटांनी थापटायला लागले. एक जोरात, एक हळू.

पहिल्या दोन वेळा त्यांना कळलं नाही. तिसऱ्या वेळी कळलं. त्यांनी डोळे मिटले. तो बोलायचा, मी थापटायची. तो थांबायचा, मी थांबायची. शेजारची बाई कपडे टाकून केव्हाच आत गेली होती. बराच वेळ आम्ही तसे बसलो होतो. काकांचे ओठ अधूनमधून हलत होते.

मग नाल्याकडचा आवाज बंद झाला. मी वाट पाहिली. झाडं काळी व्हायला लागली. काकांचा तळवा उघडाच होता, डोळे मिटलेले, सगळा चेहरा पुढच्या शिळेची वाट बघत होता. मला राहवलं नाही. मी दोनदा थापटलं. एक जोरात, एक हळू.

काकांनी डोळे उघडले.

"हा तो नाही," ते म्हणाले. "दिवस बुडाला का तो बोलत नाही, बाई."

हात मात्र त्यांनी तसाच राहू दिला.